विमानाचे पॉइंट आणि हंगामाची कमाई

प्रश्न

मालवण तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वय ४७. नवऱ्यासोबत त्या किनाऱ्याजवळ चार खोल्यांचं होमस्टे चालवतात. मुलगा-सून बेंगळुरूला, मुलगी मुंबईत. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, दोघं गोव्यातल्या मोपा विमानतळावरून विमानाने मुलाकडे जातात. गेल्या खेपेला विमानतळावर एका बँकेच्या प्रतिनिधीने त्यांना गाठलं आणि एका मोठ्या विमान कंपनीशी जोडलेलं क्रेडिट कार्ड घ्या म्हणून गळ घातली. वर्षाचं शुल्क ५,००० रुपये अधिक जीएसटी. पहिल्या तीन महिन्यांत एक लाख रुपये खर्च केले तर एक तिकीट भेट, दर शंभर रुपयांच्या खर्चाला दोन पॉइंट (ते साठवून पुढे विमानाचं तिकीट घेता येतं), शिवाय विमानतळावरचं लाउंज, म्हणजे निवांत बसायचा कक्ष, मोफत.

त्या लिहितात, “घर आणि होमस्टे मिळून महिन्याला साठ-सत्तर हजार खर्च होतोच. मग पॉइंट का सोडायचे? माझ्या नणंदेचा मुलगा मुंबईला कंपनीत आहे, तो पॉइंटवर दुबईला फुकट जाऊन आला. ह्यांचं मात्र एकच, कार्ड म्हणजे कर्ज, ते घरात नको. बँकेची सगळी खाती ह्यांच्या नावावर आहेत. माझ्या नावावरही काहीतरी असावं असं आता वाटतं. सुनेला दिवस गेलेत, पुढच्या वर्षी आमचं जाणं-येणं वाढणार. काय करू?”

उत्तर

ताई, आधी उत्तर सांगते, मग कारणं. हे कार्ड घेऊ नका. पण कार्ड घ्या, तुमच्या नावावर घ्या, आणि ते दुसऱ्या प्रकारचं घ्या. तुमच्या पत्रात दोन वेगळ्या इच्छा आहेत. एक विमानाची, दुसरी स्वतःच्या नावाची. त्या प्रतिनिधीने दोन्ही एकाच अर्जात घातल्या. त्या वेगळ्या केल्या की बरंच सोपं होतं.

‘खर्च होतोच’ या वाक्यापासून सुरुवात करू. साठ-सत्तर हजार खर्च होतो हे खरंच आहे, पण त्यातला कार्डाने किती होतो? एक महिन्याचा खर्च वहीत उतरवून बघा. मासळी, भाजी, शहाळी रोखीने येतात. मदतीला येणाऱ्या बायकांची मजुरी, नारळ पाडायला येणारा पाडेली, सुतार, प्लंबर, चादरी धुणारा, सगळे रोख घेतात, नाहीतर मोबाइलवर. मोबाइलवर पैसे घेणाऱ्या मासेवालीचा क्यूआर कोड बहुतेकदा तिचा वैयक्तिक असतो. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, पण त्यातून पैसे फक्त व्यापारी म्हणून नोंदलेल्या क्यूआरवरच जातात, माणसाच्या खात्यावर जात नाहीत. पेट्रोल भरलं तर बहुतेक कार्डांवर पॉइंट मिळत नाहीत. वीजबिलावर अनेक ठिकाणी कमी मिळतात किंवा त्यावर मर्यादा असते. कुडाळच्या घाऊक दुकानात वाणसामानाला कार्ड पुढे केलं आणि दुकानदाराने दोन टक्के जास्त मागितले, तर पॉइंट तिथेच संपले.

राहिलं काय? फोन आणि इंटरनेट, विम्याचे हप्ते, ऑनलाइन मागवलेल्या चादरी-टॉवेल, थोडं वाणसामान, रेल्वेची तिकिटं. तुमच्यासारख्या घरात ते महिन्याला वीस हजारांच्या आसपास जाईल असं मी धरते. म्हणजे वर्षाला २,४०,००० रुपये.

आता पॉइंटची किंमत. ती काढायला कागद-पेन पुरतं, आणि कुठलंही कार्ड घेण्याआधी प्रत्येकाने हे एकदा करावं. तुम्ही खरोखर काढणार आहात असं एक तिकीट घ्या. समजा, मोपा ते बेंगळुरू एका माणसाचं तिकीट ४,५०० रुपयांना आहे. तेच पॉइंटवर घ्यायचं तर ९,००० पॉइंट आणि वर कर-शुल्काचे ९०० रुपये लागतात. पॉइंटवरच्या तिकिटालाही कर आणि विमानतळाची शुल्कं सहसा रोख भरावी लागतात, हे जाहिरातीत बारीक अक्षरात असतं. म्हणजे ९,००० पॉइंटांनी तुमचे ३,६०० रुपये वाचले. एक पॉइंट ४० पैशांचा झाला. शंभर रुपयांना दोन पॉइंट म्हणजे ८० पैसे. २,४०,००० रुपयांच्या खर्चावर वर्षाला मिळाले १,९२० रुपये, आणि शुल्क जीएसटी धरून ५,९००. नुसत्या पॉइंटमधून हे शुल्क भरून निघायला वर्षाला ७,३७,५०० रुपयांचा खर्च कार्डाने व्हायला हवा. तुमच्या घरचा जवळजवळ प्रत्येक रुपया, मासळीसकट.

आणि भेट तिकीट? अशा तिकिटात बहुधा मूळ भाडं माफ असतं, कर आपलेच, आणि ते एकाच माणसाचं असतं. तुम्ही दोघं जाता. वरच्याच उदाहरणात ती भेट ३,६०० रुपयांची झाली. त्यात पॉइंटचे १,९२० मिळवा, ५,५२० होतात. पहिल्या वर्षीसुद्धा शुल्क निघत नाही. हे आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. तुमच्या कार्डाच्या अर्जावरचे आणि विमान कंपनीच्या संकेतस्थळावरचे आकडे घालून हीच बेरीज-वजाबाकी करा. उत्तर बदललं तर खुशाल बदलू द्या.

मला जास्त काळजी त्या तीन महिन्यांतल्या एक लाखाची वाटते. महिन्याला वीस हजार कार्डाने खर्चणारं घर तीन महिन्यांत साठ हजार करतं. उरलेले चाळीस हजार कुठून येणार? ‘तसाही दोन खोल्यांना नवा एसी घ्यायचाच आहे, आता घेऊन टाकू’ असं होतं. तो एसी दिवाळीआधी घ्यायचा हे आधीपासून ठरलं असेल आणि पैसे बाजूला असतील, तर गोष्ट वेगळी. पण कार्डामुळे ठरला असेल, तर ३,६०० रुपयांच्या तिकिटासाठी चाळीस हजारांची खरेदी झाली. होमस्टेच्या खर्चाबाबत आणखी एक. वैयक्तिक कार्ड धंद्याच्या खरेदीला वापरू नये अशी अट अनेक बँका घालतात, आणि तसा वापर दिसला तर पॉइंट रोखतात. अर्जाबरोबर ‘अतिमहत्त्वाच्या अटी’ म्हणून जो कागद देतात, त्यात हे वाचून घ्या.

आता तुमच्या नवऱ्याच्या म्हणण्याकडे येते. कार्ड म्हणजे कर्ज, हे पूर्ण बरोबर नाही. बिल आलं की पूर्ण रक्कम भरणाऱ्याला कार्डावर एक पैसा व्याज पडत नाही, उलट खर्चाच्या तारखेनुसार पाच-सहा आठवड्यांपर्यंतची मुदत फुकट मिळते. पण त्यांच्या भीतीत एक गोष्ट अगदी खरी आहे, आणि ती किनाऱ्यावरच्या प्रत्येक होमस्टेवाल्याने, बागायतदाराने, होडीवाल्याने ऐकावी. पगारदाराचं उत्पन्न आणि कार्डाचं बिल दोन्ही दर महिन्याला येतात. तुमचं उत्पन्न मात्र भरती-ओहोटीसारखं आहे. दिवाळी, नाताळ, मे महिना, तेवढीच भरती. जून उजाडला की सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी, पर्यटक तुरळक. बिल मात्र जुलैतही येणार.

त्या जुलैत ४०,००० रुपये थकले असं समजा. कार्डावरचं व्याज महिन्याला साधारण साडेतीन टक्के असतं, काही ठिकाणी त्याहून जास्त. एका महिन्याचे १,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे २५२. झाले १,६५२. वर्षभर जमवलेल्या पॉइंटची किंमत आपण १,९२० काढली होती. पावसाळ्यातला एक महिना त्यातलं जवळजवळ सगळं घेऊन जातो, दुसरा महिना खिशातलं नेतो. वर, थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं. बिलावरची ‘किमान रक्कम’ भरली की दंड टळतो, व्याज टळत नाही. नवऱ्याला हे समजावून सांगा. तुम्ही दोघंही बरोबर आहात, फक्त ते कार्डाला भितात आणि भ्यायचं आहे ते थकबाकीला.

नणंदेच्या मुलाबद्दल थोडक्यात. कंपनीत नोकरी, म्हणजे दौरे आले असतील, हॉटेलची बिलं कार्डाने भरून ऑफिसकडून परत घेतली असतील. त्याच्या पॉइंटमागचा बराचसा खर्च दुसऱ्या कुणाचा असू शकतो. त्याला एकदा मोकळेपणाने विचारा, वर्षाला कार्डाने किती उडतात आणि त्यातले स्वतःचे किती. त्याचं गणित त्याच्यासाठी बरोबर असेलही. तुमच्या पडवीत ते लागू पडत नाही.

मग विमान कंपनीचा प्रश्न. एका कंपनीचं कार्ड घेणं म्हणजे ती कंपनी, आपल्याला हवा तो मार्ग आणि पॉइंटचा आजचा भाव, तिन्ही टिकतील असं धरून चालणं. गेल्या काही वर्षांत काय झालं ते आठवा. जेट एअरवेजची विमानं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. तिच्या प्रवाशांचे पॉइंट एअर इंडियाच्या खात्यात गेले, पण बँकांनी विस्ताराच्या नावाने दिलेली कार्डं गुंडाळावी लागली. आपल्या जिल्ह्यात तर हे आपण घरच्या अंगणात पाहिलं. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, अलायन्स एअरचं मुंबईचं विमान आलं, मग कधी रद्द, कधी उशिरा, आणि पुढे ती सेवा बंद झाली. २०२४ मध्ये फ्लाय९१ ने छोटी एटीआर विमानं घेऊन चिपीहून बेंगळुरू-हैदराबादची सेवा सुरू केली. तुमच्या घरापासून चिपी किती जवळ आणि मोपा किती लांब, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्या दिवशी चिपीचं विमान तुमच्या सोयीचं असेल, त्या दिवशी मोठ्या कंपनीचे पॉइंट तिथे चालणार नाहीत. मग पॉइंट वाया जाऊ नयेत म्हणून तुम्ही भाड्याची गाडी करून मोपाला जाल, आणि गाडीच्या भाड्यात पॉइंटची कमाई जाईल.

लाउंजचं आकर्षण मी समजू शकते. पहाटे घरून निघून विमानतळावर पोचलं की निवांत बसायला बरं वाटतं. पण अनेक बँकांनी आता त्यालाही आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्चाची अट लावली आहे. वर्षातून दोन फेऱ्यांसाठी ती अट सांभाळत बसू नका.

पत्रातल्या आणखी एका गोष्टीवर मी बराच वेळ थांबले. पुढच्या वर्षी जाणं-येणं वाढणार, असं तुम्ही म्हणता. खरंच वाढणार का? सुनेचं पहिलं बाळंतपण असेल तर ते तिच्या माहेरी होणार की बेंगळुरूला, हे ठरलं आहे का? तिच्या मनात काय आहे, हे आधी तिलाच विचारा. बेंगळुरूला ठरलं आणि तुम्ही गेलात तर एकदा जाल आणि दीड-दोन महिने राहाल. फेऱ्या वाढणार नाहीत, मुक्काम वाढेल. हंगामात तारीख आली तर तुमच्या नवऱ्याला पाहुण्यांसाठी घरी थांबावंच लागेल, म्हणजे तिकीटही एकाचंच. आणि बाळ थोडं मोठं झालं की ते तिघं गावी येतील, गणपतीला, मे महिन्यात. तेव्हा विमानाने फिरणारा तुमचा मुलगा असेल. त्याचा पगार महिन्याचा, खर्च बराचसा ऑनलाइन, प्रवास मोठ्या शहरातून. हे कार्ड कुणाला परवडत असेल तर कदाचित त्याला परवडेल. वरचा हिशोब त्याच्यापुढे ठेवा आणि त्याला ठरवू द्या.

तुमच्यासाठी विमानाचं जे करायचं ते कार्डाशिवाय होतं. विमान कंपन्यांच्या प्रवासी योजनेचं सभासदत्व फुकट असतं. मुलाला सांगून तुमच्या दोघांच्या नावाने नोंदणी करा, तिकीट काढताना तो क्रमांक घाला, प्रवासाचे पॉइंट तसेही जमतील. आणि तुमच्याकडे एक मोठी सवलत आधीच आहे. लोक सुट्टीत फिरतात, तुमची सुट्टी जुलैत. शाळा सुरू झालेल्या असतात, आठवड्याच्या मधल्या दिवसांत विमानं रिकामी असतात, भाडं उतरलेलं असतं. महिनाभर आधी तिकीट काढलंत तर त्या ५,९०० रुपये शुल्काच्या पैशांतच एका माणसाचं तिकीट येऊन वर काही उरू शकतं. मे महिन्याच्या कमाईतून ते पैसे वेगळे काढून ठेवा. मुलीकडे मुंबईला जायला तर आपली कोकण रेल्वे आहेच. फक्त १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, तेवढं लक्षात असू द्या.

आता तुमच्या नावाबद्दल. पत्रातलं हे वाक्य तुम्ही घाईत लिहिलं असावं, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. पाहुण्यांचा स्वयंपाक तुम्ही करता, खोल्या तुम्ही बघता, हिशोबाची वहीही बहुधा तुमच्याच हातात असणार, आणि बँकेच्या लेखी तुम्ही कुठेच नाही. उद्या पाचवी खोली बांधायला कर्ज मागायला गेलात तर बँक तुमचा सिबिल अहवाल, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्ज-परतफेडीची नोंद, मागेल, आणि तो कोरा निघेल. चार खोल्या चालवण्याचा तुमचा सगळा अनुभव त्या कागदावर दिसणार नाही.

तेव्हा पहिलं काम, तुमच्या एकटीच्या नावाने बचत खातं. होमस्टेच्या बुकिंगचे काही पैसे थेट त्यात येऊ देत. दुसरं, हंगामाच्या पैशातून वीस-पंचवीस हजारांची मुदत ठेव, आणि त्या ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड. अशी कार्डं बऱ्याच बँका देतात, पगाराचा दाखला लागत नाही, खर्चाची मर्यादा बहुधा ठेवीपेक्षा थोडी कमी असते, आणि ठेवीवर व्याज चालू राहतं. वार्षिक शुल्क नसलेलंच निवडा. उद्या नवऱ्याने कार्ड घेतलं तरी त्यावरचं पुरवणी कार्ड यासाठी चालणार नाही, तिथे थकबाकीची जबाबदारी मूळ कार्डधारकाची असते. त्या कार्डावर फक्त फोनचं बिल आणि थोडं वाणसामान टाका, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त वापरू नका, आणि बचत खात्यातून आपोआप भरणा लावून द्या. लावताना ‘पूर्ण रक्कम’ निवडली आहे ना, हे दोनदा बघा. बिलाची तारीख निदान एकदा बदलून घेण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी दिली आहे, तिचा फायदा घ्या. आणि मे संपताना चार महिन्यांच्या बिलांपुरते पैसे त्या खात्यात ठेवून मगच बाकीचे हलवा. ठेव आहे म्हटल्यावर नवऱ्याचीही हरकत बहुधा मावळेल. वर्षभराने सिबिल अहवाल मागवा, वर्षातून एकदा तो मोफत मिळतो.

याचा उपयोग कुठे होईल तेही सांगते. महाराष्ट्राच्या पर्यटन विभागाने २०२३ मध्ये ‘आई’ हे महिला केंद्रित पर्यटन धोरण आणलं. महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाने बँकेतून १५ लाखांपर्यंत कर्ज घेतलं आणि हप्ते वेळेवर भरले, तर त्यावरचं व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत शासन परत देतं. त्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते, आणि व्यवसाय तुमच्या नावावर असावा लागतो. होमस्टेची नोंदणी आज कुणाच्या नावावर आहे, हे आज संध्याकाळीच काढून बघा. नवऱ्याशी बोलायचा खरा विषय हा आहे.

विमानाचं कार्ड कुणीच घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. रत्नागिरी-खेड-दापोलीकडची कितीतरी घरं आखातातल्या नोकऱ्यांवर चालतात, मालवण-वेंगुर्ल्याची मुलं जहाजांवर आहेत. ज्याचं उत्पन्न नियमित आहे, जो वर्षातून चार-सहा वेळा त्याच कंपनीच्या विमानाने स्वतःच्या पैशाने जातो आणि बिल कधी थकवत नाही, त्याला शुल्क वसूल होऊ शकतं. त्याने एक मात्र तपासावं. परदेशात कार्ड वापरलं की परकीय चलनाचं शुल्क लागतं, अनेक कार्डांवर ते साडेतीन टक्के असतं, वर जीएसटी. शंभराला ८० पैशांचे पॉइंट मिळवताना चार रुपये जाऊ शकतात.

शेवटी, विमानतळावर ‘नुसती माहिती घेतो’ म्हणून तुमच्याकडून फोन नंबर आणि आधार-पॅन घेतलं असेल, तर कार्ड घरी येऊही शकतं. घाबरू नका. ते सुरू करू नका आणि कुणाला ओटीपी सांगू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस दिवसांत कार्ड सुरू झालं नाही तर बँकेला तुमची ओटीपीने संमती घ्यावी लागते, आणि ती दिली नाही तर सात कामकाजाच्या दिवसांत कुठलंही शुल्क न घेता ते बंद करावं लागतं. सुरू झालेलं कार्ड बंद करायचं असेल तर आधी थकबाकी शून्य करा, मग लेखी अर्ज द्या. बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत ते बंद केलं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तिने तुम्हाला द्यायचे असतात. अर्जाची पोच आणि खातं बंद झाल्याचा संदेश, दोन्ही जपून ठेवा.

सुनेच्या बाळंतपणाचं काय ठरतं ते कळवा. होमस्टेच्या नोंदणीचं काय निघालं, तेही.